गुरुवारची गच्ची

"तुला बघितलं मी गेल्या गुरुवारी," पाव कागदात गुंडाळता गुंडाळता एन्कार्नी म्हणाली. "पांढऱ्या परातीत. एवढीशी होतीस. कोळंबीएवढी."

पेत्राने पैसे काढायला पर्समध्ये घातलेला हात तसाच ठेवला. एन्कार्नीचं पावाचं दुकान कोपऱ्यावर होतं, आणि तिथे रोज काही ना काही ऐकू यायचं. पण ते नेहमी दुसऱ्या कुणाबद्दल असायचं.

"कसली परात?"

"तावीराच्या मनोऱ्यात गं. माझ्या नणंदेचा नवरा आलाय सारागोसाहून. त्याला चढायचंच होतं. माझा जन्म गेला कादिसमध्ये, मी कधी पायरी चढले नव्हते. वर काळोखी खोली आहे. मध्ये एक मोठी पांढरी परात. छपरात भिंग आहे, त्यातून सगळं शहर त्या परातीत उतरतं. चित्र नव्हे हं, जिवंत. बोटी चालतायत, कुरव उडतायत. आणि मध्येच तू. हिरव्या काठाची चादर झटकत होतीस."

"मीच होते कशावरून?"

"गुरुवार होता. चादर हिरव्या काठाची होती. आणि गच्चीवर चादरी घालणारं आता उरलंय कोण? सगळ्यांकडे वाळवायची यंत्रं आली. शिवाय तो दाखवणारा पोरगा तुला ओळखतो. म्हणाला, ही आमची बाई. दर गुरुवारी असते. नाही दिसली तर मला काळजी वाटते. मग त्याने एक कागद पुढे केला आणि तुला अलगद वर उचललं. तळलेली मासळी उचलतात तशी. सगळे हसले."

"कशाला हसले?"

"तुला नाही गं हसले. कागदाला हसले. पाव घे, थंड होतोय."

पेत्रा पाव काखेत धरून घरी निघाली आणि नेहमीच्या गल्लीत तिला मान ताठ झाल्यासारखी वाटली. कुणीतरी मागून बघत असताना होते तशी. वर पाहिलं तर फक्त गल्लीच्या रुंदीएवढं आकाश होतं. या शहरात खालून वरचं काही दिसत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. घरं उंच, गल्ल्या अरुंद. जुन्या व्यापाऱ्यांनी आपापल्या घरांवर मनोरे बांधले ते आपली जहाजं लांबून ओळखता यावीत म्हणून, आणि त्यातला एकही मनोरा खाली चालणाऱ्याला धड दिसत नाही. गच्ची ही त्यामुळे तिच्या लेखी जगापासून सुटलेली जागा होती. तिथे ती नवऱ्याचा जुना शर्ट घालून जायची. आईसारखी वाकून बोटांनी गुडघे चोळायची. कधीकधी चिमटा दातांत धरून काहीतरी बोलायची, कुणाशी असं नाही. हे सगळं कोणीतरी परातीत घेऊन बघत होतं, पाच-दहा परक्या लोकांना दाखवत होतं. तिला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण जिना चढताना तिच्या लक्षात आलं की लाजेच्या खाली आणखी काहीतरी आहे. नाही दिसली तर मला काळजी वाटते. हे वाक्य ती तिसऱ्या मजल्यापर्यंत घेऊन आली, आणि दार उघडून पाव टेबलावर ठेवल्यावरही ते तिच्याजवळच राहिलं.

कारण दामियान दर रविवारी फोनवर नेमकं याच्या उलट सांगत होता. तिचा मुलगा कास्तेयोनला फरशांच्या कारखान्यात होता. तिची निम्मी गल्ली एकेकाळी कामासाठी तिकडेच गेली. "आई, तिथे तुला आता कोण आहे? तू जिन्यात पडलीस तर कुणाला कळणार? खालच्या जर्मन पोरांना? ते तुला ओलांडून समुद्रावर जातील." त्याने खोली रिकामी करून ठेवली होती. गुरुवारी संध्याकाळपर्यंत काय ते सांग, म्हणाला होता, म्हणजे रजा टाकून गाडी घेऊन येता येईल. त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. ज्या घरात एकेकाळी नऊ कुटुंबं होती, मधल्या चौकात उभं राहून हाक मारली की नऊ दारांतून डोकी बाहेर यायची, तिथे आता प्रत्येक दाराला आकड्यांचं कुलूप होतं आणि दारामागे चार-चार दिवसांची माणसं. ती जिन्यात भेटली की हसायची. पेत्राही हसायची. एकदा एका बाईने तिला विचारलं होतं की तुम्ही इथे किती रात्री आहात. तो प्रश्न नंतर पेत्राला स्वतःलाच पडू लागला. गेल्या रविवारी ती दामियानला "बरं" म्हणता म्हणता राहिली होती. नक्की कशामुळे थांबली ते तिला सांगता आलं नसतं. आता तिला वाटलं की सांगता येईल.

म्हणून तिने ठरवलं की गुरुवारी मनोऱ्यात जायचं. गुरुवारीच, आणि कपडे वाळत घालण्याच्या वेळेलाच. परातीत गच्ची दिसेल, गच्चीवर ती नसेल. मग तो मुलगा काय म्हणतो ते ऐकायचं. त्याला चुकल्यासारखं वाटलं, तो नुसता क्षणभर थांबला, तरी दामियानला सांगता येईल की इथे माझ्यासाठी थांबणारं कोणी आहे. हा विचार पोरकट आहे हे तिला कळत होतं. सदुसष्ट वर्षांची बाई आपण हरवलोय का हे बघायला निघाली होती. तरी तिने बुधवारी रात्री चादर भिजत घातली आणि गुरुवारी सकाळी ती पिळून टबात तशीच ठेवली, गच्चीवर नेली नाही. गुरुवारी ओली चादर खाली राहिली असं या घरात कधी झालं नव्हतं.

गुरुवार आईचा होता. नऊ कुटुंबं, तीन दोऱ्या, आठवड्याचे दिवस, त्यामुळे गच्चीच्या पाळ्या ठरलेल्या असत आणि त्या कुणी लिहून ठेवलेल्या नव्हत्या. लग्नानंतर धाकटी बहीण रेग्ला याच घरात दुसऱ्या मजल्यावर राहिली, तिला सोमवार मिळाला होता. कुणाला दुसऱ्याच्या दिवशी दोरी हवी असली तर तोंडाने मागायची पद्धत नव्हती. मागितलं की नाही म्हणणं अवघड. आदल्या दिवशी त्या दोरीवर एक चिमटा लावून यायचं. जिची दोरी ती वर आली की तिला दिसायचं. तिने चिमटा काढून कठड्यावर ठेवला तर नाही, तसाच राहू दिला तर हो. त्यावरून कधी भांडण झालं नाही, चाळीस वर्षांत एकदा सोडून.

ते एकदा म्हणजे आई गेली त्यानंतरचा दुसरा गुरुवार. बुधवारी संध्याकाळी पेत्रा गच्चीवर गेली होती, कपड्यांसाठी नव्हे, नुसती. आईच्या रिकाम्या दोरीवर एकच लाकडी चिमटा होता. तिला वाटलं तो आईचाच, शेवटच्या वेळी काढायचा राहिलेला. तिने त्याला बोटही लावलं नाही. वारा होता आणि चिमटा दोरीवर इकडून तिकडे झुकत होता, आणि ती बराच वेळ तिथे उभी राहिली. दुसऱ्या दिवशी वर आली तर आईच्या दोरीवर रेग्लाच्या नवऱ्याचे गोदीतले निळे डगले लटकत होते, बाह्या खाली, पाणी गळत. पेत्राने ते ओलेच्या ओले काढले आणि दुसऱ्या मजल्यावर बहिणीच्या दारात ढीग घातला. मग जिन्यात आवाज झाला. रेग्ला ओरडत होती, "चिमटा होता ना! चिमटा तसाच होता ना!" आणि पेत्राला त्या वेळी ती काय बोलतेय ते कळलंच नाही. कळलं ते कितीतरी दिवसांनी, बटाटे सोलताना: तो चिमटा रेग्लाने विचारायला लावला होता. तोपर्यंत रेग्लाने दोन मजल्यांमधल्या जिन्यात जे बोलायचं ते बोलून घेतलं होतं, पेत्रानेही, आईच्या आजारपणापासून ते लग्नातल्या जेवणापर्यंत सगळं. आणि उन्हाळ्यात रेग्ला आणि तिचा नवरा किनो घर सोडून चिक्लानाला गेले. बावीस वर्षं झाली. किनो वारल्याचं पेत्राने मासळीबाजारात ऐकलं, तेही महिनाभराने. कोलीम, ती बारीक कोळंबी, घेत होती. कोलीम घेऊन ती घरी आली आणि तिने त्याची भजी तळली, आणि एकटीने खाल्ली, आणि नंतर गॅस पुसला. आता घरातल्या तिन्ही दोऱ्या, सातही दिवस तिचे होते. ती तरी फक्त गुरुवारीच वर जायची.

मनोऱ्याचा जिना तिने थांबत थांबत चढला. बाहेर लेवान्ते सुटला होता, तो कोरडा पूर्वेचा वारा, ज्यात कपडे तासाभरात वाळतात आणि माणसं विनाकारण चिडतात. आपण तिथे चादर घालायला हवी होती हे प्रत्येक मजल्यावर तिला आठवत होतं. काळोख्या खोलीत शिरल्यावर प्रथम काही दिसलं नाही, फक्त माणसांचे वास आले, उन्हात लावायचं तेल, कुणीतरी सोललेलं संत्रं. हळूहळू खोलीच्या मध्ये ती परात उजळली. कमरेएवढ्या उंचीवर, मोठी, आत वळलेली, पिठाच्या परातीसारखी. भोवती दहा-बारा जण कोंडाळं करून उभे राहिले. पेत्राच्या शेजारी नवरा-बायको होते, बोलण्यावरून उत्तरेकडचे.

"दाराजवळ कोणी टेकू नका, आणि फोन खिशात ठेवा," दाखवणारा म्हणाला. त्याचं नाव नान्दो, तिशीतला, दाढीवाला, आणि आवाज शहरातलाच. "हे रेकॉर्डिंग नाही. बाहेर आत्ता जे चाललंय तेच आत दिसणार. कुणी नवऱ्याला हॉटेलात झोपलाय म्हणून सोडून आली असेल तर आधीच सांगा, तिकडे फिरवत नाही."

लोक हसले. त्याने हातातला दांडा फिरवला आणि परातीत समुद्र आला. पेत्राने असा समुद्र पाहिलेला नव्हता. ती रोज बघत होती त्यापेक्षा तो शांत होता, कारण आवाज नव्हता. एक बोट नखाएवढी सरकत होती. मग बंदर, मग कॅथीड्रलचा पिवळा घुमट, मग छपरं. पांढरी, चौकोनी, एकाला एक लागून. नान्दो बोलत होता, एकेकाळी घरोघरी मनोरे होते वगैरे, आणि पेत्रा फक्त आपली गच्ची शोधत होती. ती सापडली तेव्हा पेत्रा पुढे वाकली. किती लहान. तीन दोऱ्या केसांएवढ्या. पर्यटकांसाठी मालकाने ठेवलेल्या दोन पांढऱ्या खुर्च्या. कोपऱ्यात तिची मोडकी खुर्ची, जिच्यावर ती बसायची आणि जी कुणाला दिसत नाही असं तिला वाटायचं. गच्चीवर कोणी नव्हतं. वाऱ्याने काहीतरी हललं, बहुतेक दोरी. तिने स्वतःला कधी नसलेलं पाहिलं नव्हतं. आपण नसल्यावर गच्ची अशी असेल. काही बिघडलेलं नसेल. तिने मान वर करून काळोखात नान्दोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. परातीचा उजेड त्याच्या हनुवटीवर पडला होता. आता म्हणेल. आता थांबेल.

"हल्ली या गच्च्यांवर लोक ऊन खात पडतात," नान्दो म्हणाला. "ऑगस्टमध्ये या, मग मी दांडा जरा जपून फिरवतो." लोक हसले आणि गच्ची परातीच्या कडेवरून निघून गेली.

एवढंच. पेत्राला रडू आलं नाही. परीक्षेच्या निकालात आपलं नाव नसल्याचं कळल्यावर माणूस जसा शांतपणे घरी जायचा रस्ता आठवायला लागतो, तसं तिचं झालं. तिने मनात दामियानला फोन लावला. बरं, ये गाडी घेऊन. कपाट नको, ते जिन्यातून उतरणार नाही. आणि ती त्या न उतरणाऱ्या कपाटाचा विचार करत असतानाच नान्दो म्हणाला, "आणि ही बघा. आहे. मला वाटलं आज वाऱ्यामुळे येते की नाही."

त्याच्या आवाजात खरोखरच हायसं वाटल्याचा सूर होता. परातीत दुसरी एक गच्ची होती, एका आठकोनी मनोऱ्याच्या पायाशी, आणि तिच्यावर एक बाई चादर झटकत होती.

"ही आमची बाई," नान्दो म्हणाला. "नाव माहीत नाही. दर गुरुवारी. मी गेली तीन वर्षं हिला बघतोय, आणि ती मला ओळखतही नाही. लग्नं याच्याहून कमी टिकतात."

म्हणजे ती मी नव्हतेच, पेत्राच्या मनात आलं. एन्कार्नीने काठ बघितला आणि मला ओळखलं. तिला क्षणभर त्या दुसऱ्या बाईचा राग आला, जणू ती रांगेत पुढे घुसली होती. हिरवा काठ खरंच होता, चादर वाऱ्याने फुगली की स्पष्ट दिसत होता. तसल्या चादरी आता कुठे मिळतात. त्या आईने आणल्या होत्या, दोघींच्या रुखवतासाठी, एकाच ठाणातून कापून, आणि काठ स्वतः शिवला होता. मग बाईने चादर दोरीवर टाकली आणि पलीकडे जायला दोरीला वळसा घातला नाही. डोकं खाली घालून दोरीखालून गेली. एका खांद्याने, बैल जोखडाखालून जातो तशी. "वळसा घालून जा, एक दिवस मान अडकेल," असं आई दर गुरुवारी ओरडायची, आणि रेग्ला कधीच ऐकायची नाही.

पेत्राने परातीची कड धरली. कड थंड होती.

बाई आता सावकाश चालत होती. जाड झाली होती. उजवा पाय जरा ओढत होती. केस पांढरे होते की ऊन पडलं होतं ते कळत नव्हतं. चादरीला चिमटे डावीकडून लावत होती, कारण ती डावखुरी होती.

"आता गंमत," नान्दो म्हणाला आणि त्याने एक कोरा कागद परातीत धरला, बाईच्या खाली सरकवला आणि हळूच वर उचलला. बाई कागदावर आली. कागद वर आला तशी ती परातीतून सुटून हवेत चालू लागली, दोरी आणि चादरीसकट. लोक हसले. उत्तरेकडची बायको म्हणाली, "बिचारी."

"बिचारी कशी? शहरातलं सगळ्यात चांगलं ऊन आहे तिच्याकडे. कुणाला उचलायचीय?"

"मला," पेत्रा म्हणाली.

नान्दोने कागद पुढे केला. तिने तो घेतला नाही. तिने नुसता हात परातीत धरला, तळवा वर.

"कागदावर चांगलं दिसतं, बाई. हात काळा पडतो."

"असू दे."

तळव्यावर गच्ची जवळजवळ विझली. तिची कातडी सावळी होती आणि त्यावर रेषा होत्या, आणि त्या रेषांमध्ये बाई हरवली. फक्त चादर उरली, तांदळाएवढी पांढरी, फडफडत. तिला वजन नव्हतं. पेत्राला वाटलं होतं काहीतरी जाणवेल, ऊब तरी. काही नाही. तिने बोटं जराशी मिटली, पाणी धरतात तशी, आणि चादर बोटांच्या पाठीवर आली. मिटून काही उपयोग नव्हता. कोणीतरी घसा खाकरला. मग नान्दोने दांडा फिरवला आणि तिच्या तळव्यावरून छपरं, कबुतरं, एक घंटाघर, शेवटी समुद्र निघून गेला. तिने हात काढून घेतला आणि शर्टाला पुसला, का ते तिलाही कळलं नाही.

बाहेरच्या उघड्या गच्चीवर वाऱ्याने तिचे डोळे चुरचुरले. ती कठड्याशी उभी राहून ते घर शोधू लागली. सगळीकडे पांढरं होतं, परातीत जे एवढं नीट होतं ते इथे नुसता उजेड होता. नान्दो पुढच्या लोकांची वाट बघत सिगारेट न पेटवता हातात धरून उभा होता.

"ती बाई कुठल्या गल्लीत राहते?"

"देव जाणे. आत मला सापडते. बाहेर आलो की मलाही सापडत नाही." त्याने डोळे बारीक केले. "पण तो आठकोनी मनोरा म्हणजे लपलेली सुंदरी. रस्त्यावरून दिसत नाही म्हणून ते नाव. त्याच्या मागे कुठेतरी. का, तुमच्या ओळखीची आहे?"

"दुरून तशी वाटली."

"भेटलात तर सांगा, पुढच्या गुरुवारी मी नाही. दाताला जायचंय."

ती गल्ली पेत्राला माहीत होती. तिथे पूर्वी बटणांचं दुकान होतं, आईबरोबर दोघी जायच्या. तिच्या घरापासून ती पाच मिनिटांवर होती. पाच मिनिटं, आणि निदान तीन वर्षं. या काळात आपण किती वेळा त्या गल्लीच्या तोंडावरून गेलो असू, याचा ती चालता चालता हिशोब करू लागली आणि मग तिने तो सोडून दिला. रेग्ला परत आली होती आणि तिने कळवलं नव्हतं. तिला कळवावंसं वाटलं नव्हतं. किंवा वाटलं असेल, आणि ती एखाद्या दिवशी येऊन आपल्या घराचं फाटक, आकड्यांची कुलपं, परक्या लोकांच्या बॅगा बघून परत गेली असेल, पेत्रा आता इथे कुठली असणार असं समजून. दोन्ही शक्य होतं. पहिलं जास्त शक्य होतं. संध्याकाळी दामियानचा फोन येणार होता आणि टबात चादर आंबत असणार होती. तिसऱ्या घराच्या लोखंडी फाटकाआड टपालाच्या पेट्या होत्या. चारांवर नुसते आकडे, एकीवर नाव. बारेआ ओतेरो. तिचीच दोन आडनावं, आईबापांची, रेग्लाच्या खरडलेल्या अक्षरात. तिला एक क्षण असं वाटलं की आपण इथेच राहतो आणि विसरलो होतो.

तिने घंटा वाजवली नाही. आतून एक मुलगी पाठीवर बॅग घेऊन आली, तिने हसून फाटक धरून ठेवलं आणि पेत्रा तिच्याकडे बघून हसत आत गेली. चौक, कुंड्या, जिना. रेग्लाचं दार कुठलं ते तिने पाहिलं नाही. ती सरळ वर गेली.

वर कोणी नव्हतं. दोन दोऱ्या होत्या, एक रिकामी, एकीवर चादर. डोक्यावर तो आठकोनी मनोरा, इतका जवळ की त्याच्या फरशांतल्या भेगा दिसत होत्या. पेत्राने चादरीला हात लावला. वाळली होती. चांगली वाळली होती, अजून थोडा वेळ राहिली तर वाऱ्याने चिमटे उडाले असते. तिने विचार केला नाही. चिमटे काढून दोरीवर बाजूला सरकवले आणि चादर खाली ओढून घेतली. मग ती मोठी दुहेरी चादर दोन्ही हातांत धरून ती उभी राहिली. वारा तिच्यात भरत होता आणि एकटीने ती घडीत येत नव्हती.

"ती माझी आहे," दारातून कोणीतरी म्हणालं.

रेग्लाच्या हातात रिकामी टोपली होती. परातीत दिसली त्यापेक्षा ती जास्त म्हातारी होती. जवळून सगळेच तसे दिसतात.

"वाळलीय," पेत्रा म्हणाली.

"लेवान्ते आहे. वाळणारच." रेग्ला जागची हलली नाही. "आत कशी आलीस?"

"फाटक उघडं होतं."

"ही पोरं. एक दिवस कोणी येऊन घर उचलून नेईल." मग ती म्हणाली, "दोरीवरचं काढण्यात तू पहिल्यापासून तरबेज."

चादरीचं एक टोक सुटून जमिनीकडे गेलं. रेग्लाने चटकन पुढे होऊन ते पकडलं. धूळ लागली असती, म्हणून. मग दुसरं टोक तिने स्वतःच शोधलं. दोघी मागे सरकल्या, चादर ताठ झाली.

"ओढ," रेग्ला म्हणाली.

पेत्राने ओढली. आधी सरळ, मग तिरकी, मग दुसरीकडून तिरकी, जशी आई ओढायला लावायची. काठ काठाला लागला. एका जागी हिरवा काठ उसवून पुन्हा शिवलेला होता, दोरा वेगळ्या रंगाचा होता.

"किनोचं कळलं होतं मला," पेत्रा म्हणाली.

"कळलं असेल."

"उशिरा कळलं."

रेग्ला घडीकडे बघत होती. "कोणी सांगितलं मी इथे आहे?"

"तावीराच्या मनोऱ्यातून दिसतेस. दर गुरुवारी दाखवतात तुला. कागदावर उचलतात."

"चेष्टा करतेस."

"तो म्हणाला, पुढच्या गुरुवारी तो नाहीये. दाताला जायचंय."

रेग्लाने मनोऱ्याच्या दिशेला पाहिलं आणि चादरीचं टोक हनुवटीखाली दाबून रिकाम्या हाताने केस मागे केले. मग दोघी एकमेकींकडे चालत आल्या, अर्धी घडी घालायला. रेग्लाच्या हाताला साबणाचा वास होता. तिने पेत्राच्या बोटांतून काठ काढून घेतला, घडी पोटाशी धरली आणि टोपलीत ठेवली.

"दामियान कास्तेयोनला बोलावतोय," पेत्रा म्हणाली. "कायमचं. आज संध्याकाळी सांगायचंय."

"मग?"

"सांगायचंय."

रेग्ला दोरीवरचे चिमटे काढू लागली, डाव्या हाताने, एकेक, आणि एप्रनच्या खिशात टाकू लागली. पेत्राच्या मुठीत एक चिमटा राहिला होता, लाकडी, चादर काढताना दोरीवर सरकवायचा राहिलेला. तिने तो रेग्लाला दिला नाही. ती रिकाम्या दोरीशी गेली, तिच्यावर साधारण मध्यावर तो लावला आणि बाजूला झाली. वाऱ्यात चिमटा एकदा इकडे झुकला, एकदा तिकडे.

पहिल्या दोरीवरचे चिमटे संपले. रेग्ला डोकं खाली घालून दोरीखालून अलीकडे आली, दुसऱ्या दोरीपाशी, आणि त्या चिमट्यासमोर थांबली. बराच वेळ थांबली. तिने हात वर केला. पेत्रा कठड्याकडे बघत राहिली, जिथे काढलेला चिमटा ठेवतात तिथे. मग रेग्लाने तो वर केलेला हात आपल्या मानेवरून फिरवला, टोपली उचलून कमरेवर घेतली आणि दाराकडे गेली.

"सोमवारी पाणी उशिरा येतं इथे," जिन्यातून तिचा आवाज आला. "दहाच्या आधी येऊ नकोस."

चिमटा दोरीवर होता.